आणि कंपनी

आत्याच्या लग्नातून पाहुणे आपापल्या घरी परतले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, नेमकी बसायच्या जागी, खडूची एक बरोबरची खूण उमटलेली होती. नवरदेवाच्या मामांच्या काळ्या पॅंटवर तर ती इतकी ठसठशीत दिसत होती, की त्यांना कोणीतरी तपासून पास केलंय असंच वाटावं.

हा उद्योग होता एका नऊ वर्षांच्या मुलीचा. खुर्च्या भाड्याने देणाऱ्याने दोनशे खुर्च्यांचं बिल लावलं होतं आणि तिला ते काही पटेना. नुसतं मोजायला जावं, तर कोणी ना कोणी खुर्ची ओढून इकडची तिकडे नेत होतं. मग तिने खडू घेतला. मोजली की खूण, मोजली की खूण. एकशे अठ्ठ्याऐंशी भरल्या. खुर्चीवाला आधी हसला, मग चिडला, मग डोकं खाजवत त्याने बारा खुर्च्यांचे पैसे कमी केले.

"चोख आहे हो पोरगी!" जाता जाता तो म्हणाला. खरं तर शिवी दिल्यासारखंच म्हणाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आईने पाठीत एक धपाटा घातला, तो पाहुण्यांच्या कपड्यांबद्दल. आणि गालाचा एक पापा घेतला, तो बारा खुर्च्यांबद्दल. हिशेब जागच्या जागी मिटला.

चोख मोठी झाली तरी खडू काही सुटला नाही. त्याची फक्त पेन्सिल झाली. ती छत्र्यांच्या दुकानात वह्या लिहायला लागली. महिन्याभरात शेजारच्या चष्मेवाल्याने विचारलं, "ताई, आमच्याही वहीवर एक नजर टाकता का?" मग चष्मेवाल्याच्या पलीकडचा पाववाला आला. मग पाववाल्याचे दात काढणारा दातांचा डॉक्टर आला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत छत्र्यांच्या गठ्ठ्यांवर चार-चार परक्या वह्या पसरलेल्या असायच्या. शेवटी दुकानाचा मालक म्हणाला, "ताई, माझ्या दुकानात सध्या छत्र्या कमी आणि वह्या जास्त दिसतात."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्यांच्या वह्या तपासायच्याच आहेत, तर छत्र्यांच्या आडून कशाला? सरळ कचेरीच थाटावी की!

आज हे ऐकून कोणाची भुवईसुद्धा वर जाणार नाही. पण त्या काळी त्या गावात असली कचेरी कोणी पाहिलीच नव्हती. हिशेब म्हणजे घरातली गोष्ट. परक्या माणसाला बोलवायचं, त्याला वर पैसे द्यायचे आणि म्हणायचं, "सांगा बघू, आमचं कुठे चुकलंय?" म्हणजे शेजारणीला हौसेने घरात आणून एकेका डब्याचं झाकण उघडून दाखवण्यासारखंच! त्यातून तपासणार कोण, तर चोवीस वर्षांची मुलगी. गावातले जुने कारकून तर तिला पाण्यातच पाहायचे.

जागा मिळाली बटणांच्या दुकानावरची. जिना इतका अरुंद, की टेबल वर न्यायला त्याचे पाय काढावे लागले, आणि वर गेल्यावर त्यातला एक काही केल्या नीट बसेना. खालच्या बटणवाल्या मावशींनी लंगड्या पायाखाली कोटाची चार मोठी बटणं सरकवली आणि म्हणाल्या, "ही भाड्यात धरलेली नाहीत हं. जागा सोडशील तेव्हा परत दे."

पाटी रंगवणाऱ्याचं वेगळंच. त्याने लांबलचक फळी आणली, त्यावर सुरेख अक्षरात 'चोख' लिहिलं आणि मागे सरकून पाहिलं. एवढ्या मोठ्या फळीवर ती दोन अक्षरं म्हणजे मैदानात हरवलेली दोन कोकरं. त्याला काही ते बघवेना. त्याने कोणालाही न विचारता पुढे 'आणि कंपनी' असं ठोकून दिलं.

"अहो, पण कंपनी कुठाय?" चोख किंचाळली.

"येईल की!" तो शांतपणे ब्रश पुसत म्हणाला. "पाटी लागली की माणसं येतात."

आणि गंमत म्हणजे खरंच आली. म्हणजे, एक आलं.

चोखचे काका चाळीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे नाटक चालू असताना पडद्याच्या कडेला अंधारात वही घेऊन उभा राहणारा माणूस. नट वाक्य विसरला, की त्याने ते हळूच पुरवायचं. इतकं हळू, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेलाही कळू नये. नाटक कंपनी बंद पडली आणि काका एक ट्रंक घेऊन भावाच्या घरी राहायला आले. माणूस सोन्यासारखा. पण सवय जाते थोडीच! घरात कोणी बोलता बोलता क्षणभर थांबलं, की काकांचं वाक्य तयार.

आठवड्याभरात चोखच्या आईने हात टेकले. "अगं, काल शेजारीण आली होती. मी तिला म्हणत होते, 'माझ्या कधीपासून मनात आहे की...' आणि जरा श्वास घ्यायला थांबले. तर भाऊजी आतल्या खोलीतून म्हणतात, 'हे घर कायमचं सोडून जावं!' मी म्हणणार होते, पडदे बदलावे! आता सगळ्या गल्लीत झालंय की मी माहेरी निघाले. तू यांना तुझ्या कचेरीत घेऊन जा बाई, नाहीतर मी खरंच जाते."

अशी कंपनी कचेरीत दाखल झाली. बटणवाल्या मावशी तर काकांना हाकसुद्धा तशीच मारायच्या. "अहो कंपनी, वर जाताना ही पत्रं घेऊन जा!"

आणि काका कामाचे निघाले! हिशेब तपासायला दोन माणसं लागतात. एकाने बिलं हातात घेऊन आकडे मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने मोठ्या वहीत, म्हणजे खतावणीत, तोच आकडा शोधून त्याच्यापुढे खूण करायची. जुळला तर खूण, नाही जुळला तर थांबा. काका वाचायचे, चोख खुणा करायची. आणि काय वाचायचे म्हणून सांगू! कोळशाचं बिल खलनायकाच्या घोगऱ्या आवाजात, दुरुस्तीचं बिल म्हाताऱ्या बापासारखं कण्हत, आणि जमेची पावती आली की जणू नायिका फुलं उधळत येतेय. चोख हसत हसत खुणा करायची. पुढचा आकडा कानावर येईपर्यंत पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून बसायची तिला सवय होती. जास्त वेळ टेकलं की तिथे बारीकसं टिंब पडायचं. "पोरी, कागदाला गोवर आलाय," काका चिडवायचे.

वर्ष झालं. पाववाला, चष्मेवाला, दातांचे डॉक्टर, सगळे जिना चढून येत होते. पण ही सगळी चिल्लर कामं. आणि मग एक दिवस साबणाच्या कारखान्याचे मालक स्वतः जिना चढून आले. ते अंगाने इतके रुंद होते, की जिन्यातून थोडे तिरकेच आले.

"गावातल्या साठ माणसांनी माझ्या कारखान्यात पैसे घातलेत," ते टेबलावर पंजा टेकवून म्हणाले. टेबल लंगडलं, ते दचकले. "दर वर्षी विचारतात, आमचा वाटा किती. या वर्षी मी त्यांना छापील अहवाल देणार आहे. खाली सही कोणाची? परक्याची. म्हणजे कोणी तोंड उघडायला नको. कराल?"

चोखने 'करेन' म्हणायला तोंड उघडलं, तोवर काका म्हणाले, "अवश्य!"

कारखान्यात सगळीकडे साबणाचा वास. शिंक आली तरी स्वच्छ वाटायचं. हिशेबाची खोली देखणे कारकून सांभाळायचे. त्यांचं हे टोपणनाव त्यांना स्वतःलाही माहीत होतं आणि मनापासून मान्य होतं. पन्नाशी उलटली होती, पण केस काळेभोर, मिशी कोरलेली, खिशात कंगवा. प्रत्येक कागद हात लांब करून, मान मागे टाकून, राजाने फर्मान वाचावं तसं वाचायचे.

काम चार दिवसांचं होतं, ते तीन दिवसांत उरकलं. तेलाची बिलं, कोळशाची बिलं, खोकी, कागद, मजुरी. काका वाचताहेत, चोख खुणा करतेय, ताल असा लागला की मजूर खिडकीत येऊन ऐकायला लागले. मधूनमधून काका आकडा चुकायचे, "सातशे बारा" म्हणायचे, मग खोकून "एकशे बारा" असं दुरुस्त करायचे. साठी ओलांडलेला माणूस, चालायचंच. शेवटी सगळ्या पानांवर खुणाच खुणा. एकही आकडा चुकलेला नाही! नफा बरोब्बर पाच हजार! चोखने अहवालावर झोकात सही केली. सोमवारी अहवाल छापून साठही घरांत पोचला. मंगळवारी चारला कारखान्याच्या मोठ्या खोलीत सभा, आणि तिथे चोखने उभं राहून तो वाचायचा.

मंगळवारी सकाळी नऊला ती कचेरीत वाचनाचा सराव करत होती. काका पाठमोरे, खिडकीत, आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बसले होते.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," चोख म्हणाली, "या कारखान्यात मी तीन दिवस... तीन दिवस..."

"साबणाच्या फेसासारखे आनंदाचे घालवले!" काका मान न वळवता म्हणाले.

चोख खो खो हसली. "काका! माझ्या कागदावर तसं नाहीये!"

"नसू दे. चांगलं बसतंय की."

"पण तुम्ही कागद न बघता कसं काय देता?"

"अगं, कागद कशाला लागतो? अडखळला की द्यायचं. जे त्या माणसाच्या तोंडी बसेल ते द्यायचं. एकदा तर मूळ वहीच हरवली होती, मी अख्खा अंक मनानेच दिला. कोणाला पत्ता लागला नाही!"

"तरी बरं, बिलं वाचताना तुम्ही असलं काही करत नाही," चोख हसत म्हणाली.

काका शिवायचे थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे, मी अडखळले तर..."

"तू अडखळलीस तर मी देतो की!" काका भोळेपणाने म्हणाले. "एक डोळा वहीवर, एक डोळा नटावर, हा आमचा नियमच. तुझी पेन्सिल थांबली, की मी हळूच तुझ्या पानावर बघतो, तुझ्या समोर कुठला आकडा आहे तो, जरा खोकतो आणि तोच देतो. तुला चुकल्यासारखं वाटायला नको. तीन दिवसांत एकदासुद्धा तुला अडू दिलं नाही मी!"

चोखने टेबल धरलं. टेबल लंगडलं. नेमकं जिथे थांबायचं, तिथे काकांनी तिला थांबू दिलं नव्हतं! सगळे आकडे जुळले, कारण ते जुळवून दिले गेले होते. आणि तिची सही आत्ता या क्षणी साठ घरांत पोचलेली होती.

"काका," ती म्हणाली, आणि आवाज असा काही फुटला, की काकांच्या हातातली सुई पडली. "काका, तुम्ही काय केलंत हे?"

काकांना आधी काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं, आणि त्यांचा चेहरा धुवायला टाकलेल्या सदऱ्यासारखा झाला. "बयो... मी तर मदत..."

"माहितीये मला." तिने डोळे पुसले, घड्याळ पाहिलं. "सव्वानऊ. चपला घाला."

"एकच शिवलीये."

"मग एकच घाला!"

दोघं धावत सुटले. जिन्याखाली बटणवाल्या मावशी ओरडल्या, "अहो कंपनी, दुसरी चप्पल!" पण कंपनी केव्हाच कोपऱ्यावर पोचली होती.

शेकडो बिलं आणि हातात सहा तास. पहिल्यापासून सगळं वाचायचं म्हटलं तर तीन दिवस हवेत. कारखान्यातल्या हिशेबाच्या खोलीत खतावणी समोर उघडली तेव्हा चोखला रडूच येणार होतं. इतक्या खुणा! सगळ्या सारख्या! कुठे अडखळले होते मी, कुठे?

आणि मग तिला ते दिसलं. एका खुणेच्या डोक्यावर बारीकसं टिंब. पेन्सिल टेकून राहिल्याचं. वाट बघितल्याचं.

"काका! गोवर!" ती ओरडली. "जिथे गोवर, तिथे मी थांबले होते!"

मग काय विचारता! चष्मेवाल्याकडचं भिंग मागवलं, आणि डोळ्यांत तेल घालून तिने पानामागून पान पालथं घातलं. काही टिंबं नुसतीच निघाली. एकदा काका शिंकले होते, एकदा मजुरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण अकरा टिंबं खरी होती. अकराच्या अकरा तेलाच्या बिलांसमोर. या वेळी चोखने काकांना काही वाचूच दिलं नाही. बिल स्वतः हातात घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बिलात सातशे बारा, खतावणीत एकशे बारा. बिलात सातशे चाळीस, खतावणीत एकशे चाळीस. पुढचं बिल चौऱ्याहत्तरचं, तर खतावणीत चौदा.

"चोरी!" काका कुजबुजले. दोघांनीही एकदमच टेबलापलीकडे कंगवा फिरवणाऱ्या देखण्या कारकुनांकडे पाहिलं.

पण चोखची पेन्सिल कागदाच्या कडेला फरक मांडत होती. सहाशे. सहाशे. साठ. सहाशे. सहा. पुन्हा सहाशे. सगळे सहाच! चोर काय सहाच्याच पाढ्याने चोरी करेल? तिने एक बिल पुन्हा उचललं. तेलवाल्याचं अक्षर म्हणजे दिव्यच. आकडे इंग्रजी, आणि त्याचा सात म्हणजे एक काठी, डोक्याशी किंचित बाक दिलेली. आणि एक म्हणजे नुसती काठी. साताचा एक केला, की सहा गळतात!

तिने बिल देखण्या कारकुनांपुढे धरलं. "हा आकडा वाचता का जरा?"

त्यांनी हात लांब केला, मान मागे टाकली. "ए... एकशे..." ते थांबले. काकांचं तोंड उघडलं. चोखने त्यावर झटकन पंजा ठेवला.

"एकशे बारा," कारकून म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हळूच विचारलं, "नाही का?"

"तुम्हाला चष्मा लागलाय, दादा."

"मला?" ते दुखावून म्हणाले. "चष्मा मला शोभणार नाही."

फरकाची बेरीज झाली चार हजार तीनशे शहाऐंशी. तेलवाला वर्षाचे पैसे एकदम मागायचा, पुढच्याच महिन्यात. म्हणून आजवर कोणाला पत्ता नव्हता. पाच हजारांचा नफा प्रत्यक्षात होता सहाशे चौदा. आणि मालक आज चार वाजता पाच हजार वाटायला निघाले होते! वाटून झाल्यावर पुढच्या महिन्यात तेलवाला दारात उभा राहिला असता, तेव्हा त्याला काय, साबण दिले असते?

मालक मोठ्या खोलीत खुर्च्या मांडून घेत होते. चोखने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग त्यांच्याच गुलाबी साबणासारखा झाला.

"अहवाल छापून गेलाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आज काही बोलू नका. पुढच्या वर्षी बघू, कुठेतरी बसवून टाकू. तुमचंही नाव राहील, माझंही राहील. या चुकीनंतर तुमचा जिना कोण चढणार आहे, ताई? जरा विचार करा."

ते निघून गेले. काका एका पायात चप्पल घालून भिंतीशी उभे होते. "पोरी, ते म्हणतात ते... अगदीच वेडं नाही. नाटकात सगळे सावरूनच घेतात. कोणाचं नाव जात नाही."

चोखला खरंच वाटून गेलं, की सावरून घ्यावं. ती पाटी, तो जिना, मावशींची ती चार बटणं. एवढंच तर होतं तिच्याकडे. तिने नाक ओढलं. "काका, आपण सावरायचं दुकान काढलेलं नाही. आपण मोजायचं काढलंय."



चार वाजले. साठ माणसं, साठ छापील अहवाल, प्रत्येकाच्या खुर्चीवर भेट म्हणून एक गुलाबी वडी. पहिल्या रांगेत पाववाला, दातांचे डॉक्टर, सगळे आपले. शेवटच्या रांगेत काका. मालक उठले आणि चोखकडे न बघता म्हणाले, "आता ताई अहवाल वाचतील. जसा छापलाय, तसा."

चोख उभी राहिली. "या कारखान्याचे वर्षभराचे हिशेब मी तपासले," तिने वाचलं, "आणि ते..."

आणि तिचा आवाजच बंद पडला. पुढचं वाक्य साठ जणांच्या हातात छापलेलं होतं: 'आणि ते सर्व बरोबर आढळले.'

"सर्व बरोबर आढळले," पहिल्या रांगेतून पाववाला मदतीला धावला.

"बरोबर आढळले," दातांचे डॉक्टर बोट ठेवून म्हणाले. "तिसरी ओळ, ताई."

"बरोबर आढळले! बरोबर आढळले!" आता अख्खी खोलीच कुजबुजायला लागली. साठ प्रॉम्प्टर! मालक तर ओठ हलवून हलवून दाखवत होते.

चोखने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. काका दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून बसले होते. मान लाल झाली होती, डोळे बाहेर आले होते, चाळीस वर्षांची सवय आतून धडका देत होती. पण एक अक्षर बाहेर आलं नाही. साठ जण देत होते, आणि ज्याचा तो धंदाच होता, तो एकटा गप्प होता. थांबू दे तिला. तिला जिथे थांबायचंय तिथे थांबू दे.

चोखने श्वास घेतला.

"आणि ते बरोबर आढळले नाहीत," ती म्हणाली. खणखणीत.

मग जो काही गलका उडाला! तिने तो उडू दिला. मग एकेक करून अकरा बिलं वाचली, सात आणि एक सांगितला, सहा सांगितले. "म्हणजे आमचा वाटा किती?" पाववाला ओरडला. "सहाशे चौदातला तुमचा जो असेल तो," ती म्हणाली. "फार तर एक साबणवडी जास्त." दोघं-तिघं हसले, बाकीचे नाही.

"चोराला उभा करा!" मागून कोणीतरी गरजलं. देखणे कारकून उठायला लागले.

"चोर नाही!" चोख म्हणाली. "चोर असता तर चुका अशा शहाण्यासारख्या सहा-सहाच्या रांगेत उभ्या राहिल्या नसत्या. हा चोरीचा प्रश्न नाही, चष्म्याचा आहे. आणि सही माझी होती. मी आकडे ऐकले, बघितले नाहीत. ती चूक माझी. म्हणून मी या कामाचे पैसे घेणार नाही."

ती खाली बसली. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना पाववाला पुटपुटला, "आम्हाला त्या पैशांत नवी भट्टी घ्यायची होती," आणि चोखला ते आयुष्यभर लक्षात राहिलं.

त्यानंतर तीन महिने जिना कोणी चढलं नाही, बटणवाल्या मावशी सोडून. त्या भाड्यासाठी यायच्या आणि भाडं न मागता परत जायच्या. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी एक काम केलं. आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. "आता तुझं पान मला दिसणारच नाही," ते म्हणाले. "अडखळ हवी तेवढी."

चौथ्या महिन्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी नीट बघून. दारात देखणे कारकून! काखेत कारखान्याच्या नव्या वह्या, नाकावर जाड काचांचा चष्मा.

"मालकांनी पाठवलंय," ते म्हणाले. "तेलवाला येऊन गेला. पैसे गल्ल्यात होते म्हणून कारखाना वाचला, असं म्हणाले. म्हणजे, तोंडाने नाही म्हणाले. वह्या घेऊन जा म्हणाले." मग त्यांनी चष्मा सावरला आणि खोलीभर नजर फिरवली. "आणि ताई, तुमच्या पाटीवर पुढे 'आणि कंपनी' पण लिहिलंय की! मला आजच दिसलं. ही कंपनी म्हणजे कोण?"

"कंपनी म्हणजे..." चोख म्हणाली, आणि मुद्दाम थांबली.

भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीतून काही आवाज आला नाही. खुर्ची नुसती करकरली.

"द्या ना काका," चोख हसून म्हणाली. "आता द्या."

"मी!" काका भिंतीला म्हणाले.